गृहमंत्री कोणाचे घर सांभाळतात?

गुरुजींनी वर्गात विचारले, "गृहमंत्री काय काम करतात?" मी हात वर करून म्हटले, "गृहपाठ देतात." सगळा वर्ग हसला. गुरुजी पण हसले. मंग त्यांनी समजावून सांगितले. ते मी लिहीत आहे.

गृह म्हणजे घर. आपला देश हे एक मोठे घर आहे. बाहेरच्या शत्रूशी लढायला संरक्षण खाते असते. घराच्या आत शांतता ठेवण्याचे काम गृहखात्याचे. एक गृहमंत्री दिल्लीला असतात व एक आपल्या राज्याचे मुंबईला. पोलीस व तुरुंग राज्याच्या गृहखात्याकडे असतात. गावचे पोलीस पाटील त्यांना मदत करतात. जनगणना दिल्लीचे गृहखाते करते. पुरातून लोकांना काढणारे एनडीआरएफचे जवानही दिल्लीच्या गृहखात्याचेच. २०२० मध्ये वैनगंगेचा पूर भंडाऱ्यात शिरला होता, तो मोठी माणसे अजून सांगतात.

देशाचे पहिले गृहमंत्री सरदार वल्लभभाई पटेल. त्यांनी साडेपाचशेहून जास्त संस्थाने भारतात जोडली. आपले यशवंतराव चव्हाण १९६६ मध्ये देशाचे गृहमंत्री झाले. सुशीलकुमार शिंदे आधी सोलापूरच्या कोर्टात शिपाई होते, मंग फौजदार झाले आणि २०१२ मध्ये देशाचे गृहमंत्री झाले.

२००८ मध्ये मुंबईवर हल्ला झाला. तेव्हा दिल्लीचे गृहमंत्री शिवराज पाटील व राज्याचे आर. आर. पाटील या दोघांनीही राजीनामा दिला. गुरुजी म्हणाले, "ज्याच्याकडे राखण, त्यालाच जाब द्यावा लागतो."

आर. आर. पाटील गृहमंत्री असताना १५ ऑगस्ट २००७ पासून तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गावचे भांडण गावातच समजुतीने मिटवायचे, कोर्टात जायचे नाही.

आमच्या बाबांचे व मोठेबाबांचे बांधीच्या धुऱ्यावरून भांडण होते. दोन वर्षे बोलणे बंद. माझा चुलतभाऊ याच वर्गात आहे, पण आम्ही एका पट्टीवर बसत नव्हतो. मी आजीला विचारले, "काहून भांडतेत?" आजी नुसती रडली. मंग तंटामुक्ती समिती बसली. दोरी लावून धुरा मोजला. दोघांनी थोडी थोडी जागा सोडली. यंदा पोळ्याला मोठेबाबांचे बैल आमच्या दारात आले. आईने त्यांना ओवाळले.

आता आम्ही दोघे एकाच पट्टीवर बसतो. ज्यांच्या घरी भांडण असेल त्यांनी समितीला सांगावे, ही मोठ्या माणसांना विनंती. घरात शांतता असली तर देशात शांतता राहील, असे मला वाटते.

— इयत्ता ४ थी