घरात क्लाउनफिशची पिल्लं: जोडी शेवटी घ्या, खाद्य आधी तयार करा



या वेळच्या व्हिडिओत आपण क्लाउनफिशच्या पिल्लांची टाकी कशी लावायची ते पाहिलं. व्हिडिओत मापं आणि हिशोब भराभर सांगावा लागतो, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. वही-पेन घेऊन बसा.

क्लाउनफिश म्हणजे केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेला तो छोटा मासा. २००३ च्या ‘फाइंडिंग निमो’ सिनेमानंतर सगळी पोरं त्याला निमोच म्हणतात. आता प्रश्न असा की समुद्र सह्याद्रीपलीकडे आणि आपण राहणार कुरुळीत, चाकणला, मोशीत. मग समुद्राच्या माशाचा धंदा इथे होईल का? होईल. मीठ विकत मिळतं, पाणी शुद्ध करता येतं, तापमान हीटरने सांभाळता येतं. पण बहुतेक जण सुरुवातच उलट्या बाजूने करतात. आधी दुकानात जाऊन सुंदर जोडी आणतात, काही महिन्यांनी ती अंडी घालते, सगळं घर आनंदात, आणि पिल्लं बाहेर आल्यावर दोन-तीन दिवसांत सगळी संपतात. कारण त्यांना खायला घरात काहीच नसतं.

या धंद्यात अंडी मिळवणं सोपं आहे. पिल्लांचे पहिले दहा-बारा दिवस काढणं हाच खरा धंदा आहे.

अंडी सोपी का?

क्लाउनफिश सगळे नर म्हणूनच मोठे होतात. दोन लहान मासे एकत्र ठेवले की जो मोठा आणि दादागिरी करणारा असतो त्याची मादी होते, दुसरा नर राहतो. म्हणजे नर-मादी ओळखायची भानगडच नाही. एक मोठा, एक लहान घ्यायचा आणि जमतंय का बघायचं. समुद्रात हे मासे अॅनिमोनच्या आसऱ्याने राहतात, पण घरच्या टाकीत अंडी घालायला अॅनिमोन लागत नाही. ७० ते १०० लिटरची टाकी आणि आत आडवी ठेवलेली मातीची कुंडी पुरते. दुकानदार अॅनिमोन गळ्यात मारायला लागला तर नको म्हणा. आणि जिवंत प्रवाळ तर लांबच ठेवा, आपल्याकडे प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे.

लहान जोडी आणली तर अंड्यांसाठी वर्ष-दीड वर्षसुद्धा थांबावं लागतं. पण एकदा सुरू झाली की साधारण दोन आठवड्यांनी एकदा, एका वेळी शंभरापासून काही शेकड्यांपर्यंत अंडी कुंडीच्या आतल्या बाजूला चिकटवतात. नर पंखांनी वारा घालतो, खराब अंडी खाऊन टाकतो. आपल्याला काही करायचं नाही. अंडी आधी केशरी असतात, मग काळपट होतात, शेवटी आतले चंदेरी डोळे चमकायला लागतात. पाणी २६ ते २८ अंशांवर असेल तर साधारण आठव्या दिवसाच्या आसपास ती फुटतात.

ती फुटतात अंधारात, लाइट बंद झाल्यावर एक-दोन तासांत. शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांनी हे नीट लक्षात घ्या. लाइटला टायमर लावा आणि तुम्ही किंवा घरातलं कुणीतरी रोज हमखास जागं असेल अशी वेळ ठरवा. नऊ तर नऊ, अकरा तर अकरा. पण शिफ्ट बदलली म्हणून दर आठवड्याला टायमर बदलू नका. माशाला तुमची शिफ्ट कळत नाही.

पाच लाखांचा हिशोब

हा आकडा रुपयांचा नाही, रोटिफरचा आहे. रोटिफर म्हणजे डोळ्याला जेमतेम धुळीच्या कणासारखा दिसणारा पाण्यातला जीव. क्लाउनफिशचं पिल्लू जन्मतः ३ ते ४ मिलिमीटरचं असतं, तोंड इवलंसं, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याला हलतं खाद्य लागतं. पावडर टाकून चालत नाही. आर्टेमियाचं पिल्लू सुरुवातीला त्याच्या तोंडात मावत नाही. म्हणून पहिला आठवडा रोटिफरच.

दर मिलिलिटरला दहा रोटिफर तरी हवेत. पिल्लं पाणी पितात तसं खात नाहीत, समोर आलेला एकेक टिपतात. दाटी नसेल तर अन्न टाकीत असूनही उपाशी मरतात. आता गणित करा. पिल्लांच्या टाकीत सुरुवातीला २० लिटर पाणी धरलं तर २०,००० मिलिलिटर गुणिले दहा, म्हणजे २ लाख रोटिफर. टाकी ४० लिटर भरली की ४ लाख. खाऊन संपतील तेवढे रोज परत टाकायचे. आता तुमच्याकडे २० लिटरच्या बादलीत मिलिलिटरला शंभर या दाटीने रोटिफर असतील तर एकूण झाले २० लाख. त्यातला चौथा भाग रोज काढता येतो, म्हणजे ५ लाख. म्हणजे एक चांगली चालणारी बादली एका टाकीला पुरते. पण बादल्या दोन ठेवा. रोटिफरची बादली एका रात्रीत बसते, आदल्या दिवशी कळतसुद्धा नाही.

बादलीतलं पाणी समुद्रापेक्षा थोडं कमी खारं चालतं, सावकाश हवा सोडायची, आणि खायला हिरवं शेवाळ, नॅनोक्लोरोप्सिस नावाचं. ते जिवंत वाढवता येतं किंवा घट्ट पेस्ट विकत मिळते. नुसत्या यीस्टवर रोटिफर वाढतात, पण ते पोकळ असतात, माशाला लागणारी तेलं त्यांच्यात नसतात. रोज ५३ मायक्रॉनच्या जाळीतून गाळून काढायचे. मोजायला मायक्रोस्कोप नको. सिरिंजमध्ये एक मिलिलिटर पाणी घ्या, मागून टॉर्च मारा, भिंगातून हलणारे ठिपके मोजा. आठ दिवसांत नजर बसते.

जोडी आणायच्या आधी सलग एक महिना रोटिफर जिवंत ठेवून दाखवा. घरच्यांना नाही, स्वतःला. हा महिना निघाला नाही तर तुमचे थोडे पैसे गेले. जोडी आणि सहा टाक्या घेतल्यावर हेच कळलं तर फार गेले.

पिल्लांची टाकी

दीड फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच काचेची टाकी म्हणजे साधारण ४० लिटर. बाहेरून चारही बाजूंना काळा कागद लावा. उघड्या काचेवर प्रकाश चमकतो आणि पिल्लं काचेवर डोकं आपटत राहतात. वरून मंद, पसरलेला उजेड. तळाला वाळू नाही, सजावट नाही. पहिले दिवस फिल्टरही नाही, कारण पिल्लं आणि रोटिफर दोन्ही त्यात ओढले जातात. एक हवेची नळी, बुडबुडे मोजता येतील इतकी हळू.

पाणी नवीन करायचं नाही, मोठ्या जोडीच्या टाकीतलंच घ्यायचं. अंडी फुटायच्या संध्याकाळी कुंडी अलगद या टाकीत आणा आणि अंड्यांजवळून बुडबुडे जातील अशी नळी लावा, म्हणजे नराचं काम हवा करते. मग पूर्ण अंधार. सकाळी पिल्लं पोहताना दिसतील. कुंडी काढा, पाण्याला हलका हिरवा रंग येईल इतकं शेवाळ टाका, रोटिफर टाका. हिरव्या पाण्यात रोटिफर खात राहतात आणि पिल्लांना शिकार नीट दिसते.

अमोनिया हा इथला खरा शत्रू. फिल्टर नाही आणि खाद्य भरपूर, त्यामुळे तो चढतोच. रोज टेस्ट किटने बघा, रोज बारीक नळीने तळ साफ करा, आणि काढलं तेवढं पाणी थेंब-थेंब परत सोडा. बादलीने ओतू नका.

सहाव्या-सातव्या दिवसापासून नुकतीच फुटलेली आर्टेमिया थोडी थोडी द्यायची, रोटिफर चालू ठेवूनच. आर्टेमियाची अंडी खाऱ्या पाण्यात, २८ अंशांवर, जोरात हवा सोडली की २४ तासांत फुटतात. कवचं वेगळी करा, पिल्लांच्या पोटात अडकतात. आणि फुटल्यावर काही तासांत खायला घाला. आर्टेमिया स्वतःचीच चरबी खाऊन जगते, शिळी झाली की तिच्यात दम राहत नाही.

आठ ते बारा दिवसांच्या दरम्यान पारदर्शक पिल्लाला रंग येतो, डोक्यामागे पहिला पांढरा पट्टा दिसतो आणि ते तळाकडे बसायला लागतं. सगळ्यात जास्त मरतूक याच दिवसांत होते. त्या आठवड्यात गावची जत्रा असो की घरचं लग्न, घरी एक माणूस हवाच. पट्टा आला की स्पंज फिल्टर लावा, मात्र तो आधीच चार ते सहा आठवडे दुसऱ्या चालू टाकीत ठेवून जिवाणू बसलेला असावा. त्यानंतर बारीक कोरडं खाद्य शिकवायचं आणि महिन्याभरात १०० लिटरच्या टाक्यांमध्ये हलवायचं.

आपल्या भागातल्या काही गोष्टी

बोअरचं किंवा टँकरचं पाणी थेट वापरू नका. पिण्याच्या आरओमध्ये चवीसाठी क्षार परत मिसळतात, ती सोय बंद करा आणि मीटरवर टीडीएस शून्याच्या जवळ आणा. मग लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम मत्स्यालयाचं सागरी मीठ. खायचं मीठ नाही.

भंगारवाल्याकडे कंपन्यांतून आलेले २०० लिटरचे निळे ड्रम स्वस्तात दिसतील. आत आधी कूलंट होतं, थिनर होतं की सरबत, सांगता येत नाही, आणि प्लॅस्टिकने शोषलेलं रसायन कितीही धुतलं तरी जाईलच असं नाही. खाद्यपदार्थांचेच ड्रम घ्या, नाहीतर नवीन.

स्टँड मात्र आपल्याकडे उत्तम होतो. अँगल वेल्डिंग करून पावडर कोटिंग करून घ्या, साधा रंग खाऱ्या पाण्यापुढे टिकत नाही. ७०० लिटर पाणी म्हणजे ७०० किलो वजन, काच आणि लोखंड वेगळं. शक्यतो तळमजला, भिंतीला लागून. भाड्याच्या खोलीत असाल तर घरमालकाला आधी सांगा.

गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते हे नव्याने सांगायला नको. ३५ वॉटचा एअर पंप घरच्या साध्या इन्व्हर्टरवर दिवसभर आरामात चालतो. टीव्ही-पंखे त्यावरून काढा, हवा पहिली.

पैशाचं बोलू

खालचे दर मी गणितासाठी धरलेत. तुम्ही तुमच्या दुकानातले, तुमच्या बिलातले टाका.

समजा एका जोडीची महिन्याला दोन वेळा अंडी, दर वेळी २०० पिल्लं. नवख्या माणसाची २० टक्के जगली तरी महिन्याला ८० मासे. ते विकण्याजोगे, म्हणजे तीनेक सेंटिमीटरचे व्हायला चार-पाच महिने. म्हणजे घरात एका वेळी ४०० मासे आणि त्यांना पाच-सहा टाक्या. एकच जोडी सगळं घर भरून टाकते! त्यामुळे पहिल्या वर्षी दुसरी जोडी नको, आणि दर वेळची अंडी वाढवायचीही गरज नाही.

दुकानदाराने नग ₹१५० दिले तर ८० माशांचे ₹१२,०००. वीज बघा. पंपाची २५ युनिट, १०० वॉटचे सहा हीटर दिवसाला सरासरी आठ तास चालले तर १४४ युनिट, लाइट धरून २०० च्या आसपास. युनिटला ₹१० धरले तर ₹२,०००. दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदललं तर महिन्याला जवळजवळ १० किलो मीठ, किलोला ₹२०० धरून ₹२,०००. खाद्य, शेवाळ, आर्टेमिया, किट मिळून ₹२,०००. हातात राहिले ₹६,०००. रोज दोन तास दिलेत तर तासाला ₹१००, तेही पहिलं सहामाही काहीच न मिळाल्यावर, आणि यात टाक्यांचे पैसे धरलेलेच नाहीत.

जगण्याचं प्रमाण २० वरून ४० टक्क्यांवर गेलं तर खर्च तेवढा वाढत नाही, उत्पन्न मात्र दुप्पट होतं. म्हणूनच रोटिफरचं इतकं पुराण लावलं. पण फक्त एवढ्या जोरावर कंपनीतली नोकरी सोडण्याचा विचार आत्ता डोक्यातून काढा. सरकारी अनुदानावरही गणित मांडू नका. २०२० साली आलेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत परसबागेतल्या शोभिवंत मत्स्यपालनासाठी ₹३ लाखांचा प्रकल्पखर्च धरला आहे, सर्वसाधारण गटाला ४० टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के मदत. सध्या अर्ज घेतात का, हे पुण्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात जाऊनच विचारा. मिळालं तर उत्तम.

आता एक वेगळा रस्ता. नवी मुंबईत ऐरोलीला किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. तिथे मॅन्ग्रोव्ह फाउंडेशनने राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या तांत्रिक मदतीने सागरी शोभिवंत माशांची हॅचरी उभी केली, त्यात क्लाउनफिश मुख्य. कल्पना अशी की अवघड पहिले दिवस हॅचरीने काढायचे आणि किनाऱ्यावरच्या लोकांनी पिल्लं वाढवून विकायची. आपल्याकडे पोल्ट्रीवाले हेच करतात. अंडी उबवायला कोण बसतं, एक दिवसाचं पिल्लू आणतात आणि वाढवतात. मला नवीन माणसासाठी हाच क्रम पटतो. पहिले सहा महिने हॅचरीत तयार झालेली दीड-दोन सेंटिमीटरची पिल्लं कुठून मिळतात ते शोधा, वाढवा, विका. पाणी, मीठ, वीज आणि गिऱ्हाईक, चारही कळतील. रोटिफरच्या बादल्या बाजूला चालू राहू द्या.

विकण्याचं एक सांगतो. टाक्या लावण्याआधी पुणे-पिंपरी-चिंचवडमधल्या निदान पाच दुकानांत जाऊन एकच प्रश्न विचारा, “महिन्याला किती क्लाउन खपतात?” खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणारी माणसं गोड्या पाण्याच्या मानाने थोडी आहेत. पाच दुकानं मिळून ४० म्हणाली तर तुम्ही ८० काढून करणार काय? घरात वाढलेला मासा पकडून आणलेल्या माशापेक्षा कणखर असतो, पहिल्या दिवसापासून कोरडं खाद्य खातो, हे दुकानदाराला त्याच्यासमोर खाऊ घालून दाखवा. गालाचं झाकण आखूड असलेले मासे चांगल्यात मिसळू नका, ते वेगळ्या भावात द्या किंवा देऊ नका. आणि पोहोचवण्याच्या आदल्या दिवशी दुकानाच्या टाकीचा खारटपणा विचारून घ्या. बरीच दुकानं तो कमी ठेवतात, तेव्हा आपल्या टाकीतला दोन-तीन दिवसांत हळूहळू तिथपर्यंत उतरवूनच मासे पिशवीत भरा.