नोंदींचे वाचक

तंजावरचे बृहदीश्वर मंदिर पाहावयास येणाऱ्यांची रीघ वर्षभर लागलेली असते. याच मंदिराच्या भिंतीवर दुसऱ्या सरफोजी राजांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरविला. तो थांबून वाचणारे मात्र विरळाच. ज्ञानकोशातील नोंदींचेही काहीसे असेच आहे.

छापील कोशाचा खंड किती वेळा दिला गेला हे ग्रंथपालास सांगता येई. आतील कोणती नोंद वाचली गेली, हे नव्हे. विकिपीडियाच्या बाबतीत डिसेंबर २००७ पासून कोणते पृष्ठ किती वेळा उघडले गेले याचे आकडे सर्वांस उपलब्ध आहेत. त्यांवरून असे दिसते की, थोड्या नोंदींकडे वाचकांचा मोठा ओघ असतो आणि उरलेल्या असंख्य नोंदींच्या वाट्यास तुरळक वाचक येतात. एखादा नामवंत नट निवर्तला की त्याच्या नोंदीचा आकडा एका दिवसात अनेक पटींनी चढतो व लवकरच उतरतो. म्हणजे आकडा विषयाची थोरवी सांगत नाही. त्या दिवशी लोकांचे लक्ष कोठे होते, एवढेच सांगतो. शिवाय पृष्ठ उघडणे म्हणजे ते वाचणे नव्हे, हे आकडे मांडणारेही पुष्कळदा विसरतात.

तत्कालीन तंजावर जिल्ह्यातील शियाळी येथे जन्मलेल्या डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम ग्रंथरूपाने मांडले. प्रत्येक ग्रंथास त्याचा वाचक मिळावा, हा त्यांतील तिसरा. वाचक किती असावेत, याची अट त्यात नाही. संपादकाने केवळ आकड्यांवरून छाटणी केली, तर मंदिराची नोंद राहील आणि सरफोजींच्या लेखाची गळेल. मग त्या भिंतीपुढे थांबणाऱ्या एखाद्या वाचकाने कोणता खंड उघडावा?