रात्री साडेदहाचा फोन

थाटीपूरच्या दर्पण कॉलनीत माझं घर. नवरा गेल्यावर झोप उडाली, म्हणून एका समुपदेशकाकडे जाऊ लागले. पहिले दोन महिने खरंच बरं वाटलं. पुढचं ओळखायला उशीर झाला तो त्यामुळेच.

आधी पाऊण तासाचा दीड तास झाला. मग फी बंद. "अब आप पेशंट थोड़े ही हैं, घर की हैं." केवढी सुखावले मी! मग रात्री साडेदहाला फोन येऊ लागले, त्यात त्यांच्या बायकोबद्दलची गाऱ्हाणी. समजूत मी घालायची. शेवटी त्यांनी पन्नास हजार उसने मागितले.

धाकटी बहीण म्हणाली, "ताई, हात लावला का त्यांनी? नाही ना? मग जाऊ दे. आणि फोन तूही घेत होतीसच." त्या 'जाऊ दे'त माझं वर्ष गेलं.

समुपदेशकाची प्रत्येक चूक म्हणजे शोषण नव्हे. एखाद्या दिवशी वेळ लांबला, लग्नाला येऊन गेले, एवढ्यावरून कोणाला आरोपी करू नये. पण मला एकटेपणाची भीती वाटते हे मी त्यांना बरं व्हायला सांगितलं होतं. गळकं छप्पर गवंड्याला दाखवावं आणि त्यानं तिथूनच घरात उतरावं, तसं झालं. मी याला शोषणच म्हणते. फोन मीही घेत होते, या माझ्या 'हो'चं म्हणाल, तर अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची आचारसंहिता उपचार संपल्यावरही किमान 2 वर्षं रुग्णाशी शरीरसंबंधांना मनाई करते. रुग्णाच्या होकारावर तिथेही भिस्त ठेवलेली नाही.

तुमच्यावर ही वेळ आली तर मेसेज पुसू नका. मी रागाच्या भरात पुसले. 'एकदा भेटून स्पष्ट बोलते' म्हणून तर मुळीच जाऊ नका. मी गेले, आणि दोन तासांनी मीच माफी मागून परतले! नवीन ठिकाणी जाताना पावती मागा, नोंदणी विचारा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. नुसत्या 'काउन्सेलर' पाटीवरून काही कळत नाही. बोलायला कोणीच नसेल तर टेली-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो.

आता ज्या बाईंकडे जाते, त्या पाऊण तास झाला की वही मिटतात. पहिल्या दिवशी मला त्यांचा फार राग आला होता.