पहिला टाका

शाळेत जाणारा एक मुलगा दोन दिवस घरीच बसला. ताप नव्हता. खोकला नव्हता. मास्तर चौकशीला घरी आले, तर तो मान खाली घालून बसला. शेवटी आजीनं सांगितलं, "त्याच्या सदऱ्याच्या गुंड्या तुटल्यात. पोरं हसतात, म्हणून जात नाही."

आई पहाटे रोजगाराला जाई. दिवेलागणीला परत येई. आजीला नीट दिसत नव्हतं. घरात सुई होती, दोरा होता, डब्यात गुंड्याही होत्या. नव्हता तो फक्त गुंडी लावणारा हात. दोन गुंड्यांपायी दोन दिवसांची शाळा बुडाली.

आभाळच फाटलं तर ठिगळ कुठं कुठं लावणार, असं आपण म्हणतो. ते खरंच आहे. पण सदरा म्हणजे काही आभाळ नव्हे. सदऱ्याला ठिगळ लावता येतं. गुंडी लावता येते. आणि हे काम आठ वर्षांच्या पोरालाही शिकता येतं. ते कसं शिकवावं, हे या धड्यात आपण पाहू.

आमची चूक

आमच्या वर्गात आम्ही लहान मुलांना शिवण शिकवायला घेतलं, तेव्हा पहिल्याच दिवशी चुकलो. सहा-सहा वर्षांची मुलं. त्यांच्या हातात आम्ही बारीक सुई दिली. वर मलमलीचा तुकडा दिला. अर्धा तास गेला, पण एकाचाही दोरा नेढ्यातून गेला नाही. एका मुलीच्या बोटाला सुई टोचली. ती रडू लागली. तिचं पाहून दुसरी रडली. त्या दिवशी शिवण राहिलं बाजूला आणि आम्ही डोळे पुसत बसलो.

मुलं मठ्ठ नव्हती. आम्हीच त्यांना एकदम वरच्या पायरीवर चढवलं होतं. म्हणून आम्ही पुन्हा खालच्या पायरीपासून सुरुवात केली.

पायरी पहिली : सुईशिवाय शिवण

चार-पाच वर्षांच्या मुलाला सुई देऊ नये. एक जाड पुठ्ठा घ्यावा. त्यावर पानाचा किंवा माशाचा आकार काढावा. आकाराच्या कडेनं बोटभर अंतरावर मोठी भोकं पाडावीत. भोकं मोठ्या माणसानं पाडावीत. मग बुटाची नाडी मुलाच्या हाती द्यावी. नाडीचं टोक कडक असतं, म्हणून ती सहज ओवली जाते. एका भोकातून खाली, दुसऱ्यातून वर. खाली, वर. खाली, वर. हाच पुढं धावदोरा होतो. मुलाला वाटतं, खेळ चालला आहे. खेळ तर आहेच, पण हात शिकत असतो.

पायरी दुसरी : गोणपाट आणि लोकर

सहा-सात वर्षांच्या मुलाला गोणपाटाचा वीतभर तुकडा द्यावा. तो आधी धुऊन वाळवावा. गोणपाटाची वीण उसवट असते. धागे मोजता येतात. भोकं डोळ्यांना दिसतात. सुई जाड, मोठ्या नेढ्याची आणि बोथट टोकाची असावी. दोऱ्याऐवजी रंगीत लोकर घ्यावी. दाभण मात्र मुलाला देऊ नये, त्याचं टोक घात करतं.

गोणपाटावर कोळशानं एक सरळ रेघ ओढावी. त्या रेघेवरून मुलानं जावं. "दोन धागे वर, दोन धागे खाली," असं मोठ्यानं म्हणत जावं. टाके सारखे येऊ लागतात आणि मोजणीही पक्की होते. १९३७ साली वर्ध्याला शिक्षण परिषद भरली होती. मुलांचं शिक्षण एखाद्या हस्तव्यवसायातून व्हावं, असा विचार गांधीजींनी तिथं मांडला. त्यातलं मर्म या गोणपाटावर दिसतं. हात काम करतो आणि डोकं शिकतं.

पायरी तिसरी : खरी सुई, खरा दोरा

मूल सात-आठ वर्षांचं झालं, हात स्थिर झाला, की खरी सुई द्यावी. आता तीन गोष्टी शिकवाव्यात.

एक, दोरा किती घ्यावा. मुलाच्या बोटाच्या टोकापासून कोपरापर्यंत जेवढा होईल, त्याच्या दुप्पट. त्याहून लांब नको. लांब दोरा गुंततो आणि गुंता सोडवता सोडवता मूल कंटाळतं.

दोन, दोरा कसा ओवावा. दोऱ्याचं टोक कात्रीनं तिरकं कापावं. मग ते पाण्याच्या बोटानं ओलं करून चिमटीत दाबावं. टोक अगदी थोडं बाहेर ठेवावं आणि नेढं त्याच्यावर आणावं. नेढ्यामागं पांढरा कागद धरला तर ते चटकन दिसतं.

तीन, गाठ कशी मारावी. दोऱ्याचं टोक तर्जनीभोवती एकदा गुंडाळावं. अंगठ्यानं घासत ते वेढं बोटावरून खाली सरकवावं आणि ओढावं. गाठ बसते.

शिकवताना मुलाच्या समोर बसू नये, शेजारी बसावं. समोर बसलं तर त्याला सगळं उलटं दिसतं. पण मूल डावखुरं असेल तर खुशाल समोर बसावं. मग आरशात पाहावं तसं त्याला बरोबर दिसेल. डाव्या हातानं शिवतो म्हणून त्याला कधी बोलू नये. टाका कुठल्या हातानं घातला, हे कापडाला कळत नाही.

आधी धावदोरा. मग टीप. टीप म्हणजे एक पाऊल पुढं जाऊन अर्धं पाऊल मागं येणं. ही शिवण मजबूत. त्यानंतर गुंडी, मग ठिगळ.

गुंडी अशी लावावी

गुंडी जिथं होती तिथं जुन्या दोऱ्याची खूण असते. तिथं खालून सुई वर काढावी. गुंडी ओवावी. गुंडीवर आगपेटीची जळकी काडी आडवी ठेवावी आणि काडीवरून दोरा घेत पाच-सहा टाके घालावेत. मग काडी काढून घ्यावी. गुंडी थोडी सैल होते. ती वर उचलून गुंडी आणि कापड यांच्यामध्ये दोऱ्याचे तीन वेढे द्यावेत. सुई खाली नेऊन गाठ मारावी. काडी कशासाठी? काजात गुंडी बसायला जागा हवी. घट्ट लावलेली गुंडी कापडाला ओढते आणि एक दिवस कापडासकट निघून येते.

सुईचे नियम

सुई लहान असते, पण घात मोठा करते. म्हणून हे नियम घरात सर्वांनी पाळावेत.

पाच सुया दिल्या, तर पाच मोजून परत घ्याव्यात.
सुई तोंडात धरू नये. गादीत, गोधडीत किंवा अंगातल्या कपड्यात खोचू नये.
सुई हरवली, तर सापडेपर्यंत कुणी अनवाणी फिरू नये.
घरात रांगतं मूल असेल, तर सुया आणि गुंड्या उंचावर ठेवाव्यात. मूल गुंडी गिळतं.
शिवण ओट्यावर, दिवसाच्या उजेडात करावं. एका वेळी वीस मिनिटं पुरे.

सुई नुसती टोचली, तर बोट साबण-पाण्यानं धुवावं. सुई मोडून आत राहिली, तर घरी कोरू नये, दाबू नये. सरळ दवाखान्यात जावं. धनुर्वाताची लस झाली आहे का, हेही तिथं विचारावं. ही लस लहानपणी देतात. पुढं दहाव्या आणि सोळाव्या वर्षीही देतात. सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळते.

हे बायकांचं काम का?

आमच्या वर्गात एका बापानं विचारलं, "पोराला सुई कशाला? हे बायकांचं काम." आम्ही त्यांना विचारलं, "तुमचा हा सदरा कुणी शिवला?" ते म्हणाले, "गावच्या शिंप्यानं." आणि मग स्वतःच हसले.

संत नामदेव शिंप्याच्या घरचे. धान्याचं पोतं शेतकरी दाभणानं शिवतो. कोळी आपलं जाळं स्वतः विणतो, सांधतो. आजीची गोधडी पाहा. जुन्या लुगड्यांचे थर आणि त्यांवर कडेपासून आत आत जाणारा धावदोरा. तेच टाके, तोच दोरा. सुईला बाई-पुरुष कळत नाही. मुलगा असो, मुलगी असो, दोघांनाही शिकवावं.

पण एक ध्यानात ठेवावं. शिकवणं वेगळं आणि राबवणं वेगळं. शाळा बुडवून पोराला शिवणाला बसवू नये. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवणं कायद्यानं मना आहे.

टाका वाकडा आला तर

मुलाचा पहिला टाका वाकडा येणारच. त्या वेळी आपला हात शिवशिवतो. वाटतं, उसवावं आणि नीट घालून द्यावं. तसं करू नये. आपण उसवला, की मूल समजतं, माझं काम वाया गेलं. मग ते सुई खाली ठेवतं आणि पुन्हा उचलत नाही.

वाचकहो, तुम्ही रात्रीच्या वर्गात पहिल्यांदा पाटी घेतलीत, ते आठवा. हात कापत होता. 'क' रेघेच्या खाली गेला होता. तुमची पहिली सही आठवा. ती वाकडी होती, पण तुमची होती. कुणी ती पुसून स्वतःच्या हातानं सुंदर काढून दिली असती, तर तुम्ही दुसऱ्या दिवशी वर्गाला आला असता का? मुलाचा टाकाही तसाच आहे. "हा चांगला आला, आता पुढचा घाल," एवढंच म्हणावं. उसवायचं असेल तर त्याचं त्यानं उसवावं.

तो गुंड्यांचा मुलगा पुढं आमच्या वर्गात बसू लागला. एक दिवस सदरा दाखवायला आला. पांढऱ्या सदऱ्यावर काळ्या दोऱ्यानं दोन गुंड्या लावलेल्या. एक थोडी वर, एक थोडी खाली. आई म्हणाली, "मी नीट लावून देते." तो म्हणाला, "नको, राहू दे." आईनं राहू दिली. दुसऱ्या दिवशी तो तोच सदरा घालून शाळेत गेला.

सांगा पाहू

१. मुलगा दोन दिवस शाळेत का गेला नाही?
२. पहिल्या शिवणासाठी गोणपाट का चांगलं?
३. गुंडी लावताना काडी का ठेवतात?
४. सुई मोडून बोटात राहिली तर काय करावं?
५. मुलाचा वाकडा टाका आपण का उसवू नये?

करून पाहा

या आठवड्यात घरातल्या एका मुलाला एक गुंडी लावायला शिकवा. ती वाकडी आली तर तशीच राहू द्या. खाली तारीख लिहा, आणि मुलाचं नाव तुमच्या हातानं लिहा.