मुलगी मैदानावर आहे, मग नोकरीचं काय?

‘पोरगी खेळात चांगली हाय, पण खेळून पोट भरंल का?’ बीड जिल्ह्यातल्या केज, धारूर, आष्टीकडचे आई-वडील हे विचारतात तेव्हा त्यांना बहुतेक वेळा मोठ्या स्वप्नांचं भाषण ऐकायला मिळतं. मला तो प्रश्न अगदी रास्त वाटतो. जमीन कोरडवाहू, वर्षातले पाच-सहा महिने ऊसतोडीला, घरात शिकणारी दोन-तीन लेकरं. अशा घराने पोटाचा हिशेब आधी मांडायलाच हवा. म्हणून उत्तरही हिशेबाचंच देतो, फक्त ते थोडं लांबून, जपानवरून, आणावं लागेल.

१७ जुलै २०११, फ्रँकफर्ट. महिला फुटबॉल विश्वचषकाची फायनल, समोर अमेरिका. जादा वेळ संपत आलेला आणि जपान १-२ ने मागे. ११७व्या मिनिटाला आया मियामाने कॉर्नर घेतला. होमारे सावा गर्दीतून सुटून जवळच्या खांबाकडे धावली आणि उजव्या पायाच्या बाहेरच्या कडेने तिने बॉलची दिशा बदलली. बरोबरी झाली आणि पुढे पेनल्टींवर जपान जिंकला. सावा मिडफिल्डर होती, वय ३२. त्या स्पर्धेत सर्वाधिक गोल तिचे होते, सर्वोत्तम खेळाडूही तीच ठरली आणि त्या वर्षीचा फिफाचा सर्वोत्तम महिला खेळाडूचा मानही तिलाच मिळाला. पंधराव्या वर्षी ती राष्ट्रीय संघात आली होती. सहा विश्वचषक आणि दोनशेहून अधिक आंतरराष्ट्रीय सामने खेळून २०१५च्या अखेरीस तिने निवृत्ती घेतली.

हे सगळं वर्तमानपत्रात येतं. पालकांच्या कामाची गोष्ट त्यामागे आहे. नव्वदच्या दशकाच्या शेवटी जपानची अर्थव्यवस्था मंदावली, कंपन्यांनी महिला संघांवरचा खर्च आखडता घेतला, आणि सावाला १९९९ मध्ये खेळण्यासाठी अमेरिका गाठावी लागली. २०११च्या त्याच स्पर्धेत यजमान जर्मनीला हरवणारा गोल करीना मारुयामा या फॉरवर्डने केला. ती पूर्वी टोकियोच्या वीज कंपनीच्या संघातून खेळत होती आणि नोकरी करत होती फुकुशिमाच्या अणुवीज केंद्रात. जपानमध्ये महिलांची पूर्ण व्यावसायिक लीग सुरू झाली ती २०२१ मध्ये, म्हणजे विश्वविजेतेपदानंतर तब्बल दहा वर्षांनी. तोवर जपानच्या कितीतरी चांगल्या खेळाडू दिवसा नोकरी आणि संध्याकाळी सराव असंच जगत होत्या.

म्हणजे ‘खेळ की नोकरी’ अशी निवड जगज्जेत्यांच्या देशातही फारशी कुणी केली नव्हती. दोन्ही जोडीनेच चालत होतं. आपल्याकडे तर हा रस्ता आणखी रुळलेला आहे. ५ जुलै २०२५ रोजी थायलंडला त्यांच्याच देशात २-१ ने हरवून भारतीय महिला संघ पात्रता फेरी जिंकून आशिया चषकात पोहोचला. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. ती पश्चिम बंगालची, मिडफिल्डर, आणि सशस्त्र सीमा बलाच्या संघाची खेळाडू. आपल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे आधी सैन्यात भरती झाला, सियाचिनला राहिला, आणि धावपटू म्हणून घडला तो त्यानंतर. २०२२च्या राष्ट्रकुल स्पर्धेतलं रौप्य आणि पुढच्या वर्षी आशियाई स्पर्धेतलं सुवर्ण त्याने वर्दीतच मिळवलं.

मुलींच्या सांघिक खेळात बीडचं नाव आज घ्यायचं तर प्रियांका इंगळेचं. मूळ गाव केज तालुक्यातलं कळमअंबा. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, त्यात भारताच्या मुलींची कर्णधार ती होती. १९ जानेवारीच्या अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० ने हरवलं. अभिमान वाटावा असंच हे आहे. मात्र एक गोष्ट पालकांपासून लपवू नये. प्रियांका खेळाडू म्हणून घडली ती पुण्यात, नियमित सराव आणि कायमचा प्रशिक्षक मिळाल्यावर. गुणवत्ता कळमअंब्यात जन्माला येते, मैदान आणि प्रशिक्षक अजून पुण्यात आहेत. फुटबॉलच्या बाबतीत तर हे अंतर आणखी मोठं आहे. मुलींना वर्षभर नियमित सामने मिळतील अशी व्यवस्था आपल्या तालुक्यांत नाही. म्हणून सहावी-सातवीतल्या मुलीने खो-खो, कबड्डी, धावणं आणि फुटबॉल सगळंच खेळावं. वेग, वळण आणि दम एका खेळातून दुसऱ्या खेळात कामी येतात. कोणता खेळ आपला, हे पंधराव्या वर्षी ठरलं तरी उशीर होत नाही.

आता बीडचीच म्हणता येईल अशी अडचण. शालेय क्रीडा स्पर्धा पावसाळ्यात सुरू होतात. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या चढत त्या दिवाळीच्या पुढे जातात. आणि नेमक्या दसरा-दिवाळीच्या सुमाराला कोयता निघतो. जिल्हा पातळीवर निवड झालेली मुलगी विभागीय स्पर्धेच्या तारखेला कारखान्यावरच्या कोपीत धाकट्या भावाला सांभाळत बसलेली असते. तिची गुणवत्ता कमी पडलेली नसते, फक्त तारीख चुकते. ऊसतोड कामगारांच्या मुला-मुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आहे. वसतिगृहाचा अर्ज जूनमध्येच, शाळा सुरू होताच भरा. मुकादमाची उचल घ्यायच्या आधी मुलगी हंगामात कुठे राहणार हे घरात ठरलेलं असावं. नववी-दहावीची मुलगी मागे एकटी कशी ठेवायची, या काळजीतून आपल्याकडे किती लग्नं लवकर उरकली जातात, हे मी वेगळं सांगायला नको. वसतिगृह आणि खेळाचा संघ या दोन गोष्टी तिला त्या वयात सुरक्षित ठेवतात. माझ्या मते कुठल्याही पदकाआधी खेळाचा हा उपयोग मोजला पाहिजे.

त्यानंतर कागदपत्रं. इथे फार नुकसान होतं, म्हणून सविस्तर सांगतो. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांमध्ये पात्र खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षण आहे. पण नुसतं प्रमाणपत्र असून चालत नाही, त्याची क्रीडा खात्याकडून पडताळणी लागते. जाहिरात आल्यावर धावपळ करणाऱ्यांची संधी हुकते. प्रत्येक स्पर्धेनंतर प्रमाणपत्राची मूळ प्रत, संघाच्या यादीची प्रत आणि प्रवेशिकेची झेरॉक्स एका फायलीत ठेवा. नावाचं स्पेलिंग आणि जन्मतारीख आधार, शाळेचा दाखला व प्रमाणपत्र या तिन्हींवर तंतोतंत एक हवी. स्पर्धा मान्यताप्राप्त संघटनेची आहे का, ते जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात आधी विचारा. पैसे घेऊन ‘राज्यस्तरीय’ प्रमाणपत्र देणाऱ्यांना दारातही उभं करू नका. बोगस प्रमाणपत्रांवर लागलेल्या नोकऱ्या पुढे गेल्या आहेत आणि पोलिसांत गुन्हेही दाखल झाले आहेत. दहावी-बारावीला खेळाच्या कामगिरीप्रमाणे सवलतीचे गुण मिळतात, त्यांचा प्रस्ताव शाळेकडून मुदतीत गेला का, हेही पालकांनी स्वतः जाऊन पाहावं.

अभ्यास सोडू नका, हे मुलींना वेगळं सांगतो. पदवीला असताना विद्यापीठाच्या संघातून आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळता येतात आणि रेल्वे, सशस्त्र दलं, बँका यांच्या खेळाडू भरतीत त्या कामगिरीला किंमत असते. पोलीस भरतीचं तर गणितच सोपं आहे. मुलींच्या मैदानी चाचणीत ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक असते. मिडफिल्डर सामन्यात कित्येक किलोमीटर धावते, मध्येच वेग वाढवते, पुन्हा हळू होते. चार वर्षं असा खेळ खेळलेल्या मुलीला ८०० मीटरची भीती उरत नाही. उरते ती लेखी परीक्षा, आणि त्यासाठी रोजचे दोन तास पुस्तकाला द्यावेच लागतात.

आणि मुली, तुला फुटबॉलमध्ये मिडफिल्डर व्हायचंच असेल तर जपानच्या युई हासेगावाचे सामने मोबाइलवर बघ. उंची पाच फूट दोन इंचांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या मुलींएवढीच. २०२२च्या आशिया चषकात ती जपानच्या संघातून पुण्याच्या बालेवाडीत खेळून गेली, आणि त्याच वर्षी इंग्लंडच्या मँचेस्टर सिटीकडे गेली. बॉलकडे बघू नकोस, तिच्या मानेकडे बघ. पास येण्याआधी ती डावीकडे बघते, उजवीकडे बघते, मागे नजर टाकते. बॉल पायाशी येतो तेव्हा पुढचा पास तिचा ठरलेला असतो. ही सवय लावायला गवताचं मैदान लागत नाही. शाळेच्या मुरमाड पटांगणात दोन मैत्रिणी पुरतात. एकीने मागे उभं राहून बोटं दाखवायची, दुसरीने पास घेण्याआधी मागे बघून किती बोटं ते सांगायचं.

शरीराकडे दुर्लक्ष झालं तर हा सगळा हिशेब कोलमडतो. वाढीच्या वयातल्या मुलींना गुडघ्याच्या लिगामेंटची दुखापत मुलांपेक्षा जास्त होते, आणि ती एकदा झाली की वर्ष जातं. फिफाने तयार केलेला ‘इलेव्हन प्लस’ हा वीस मिनिटांचा वॉर्म-अप फुकट उपलब्ध आहे. नियमित केल्यास दुखापती बऱ्याच कमी होतात. क्रीडाशिक्षकांकडे त्याचा आग्रह धरा. दुसरं म्हणजे रक्त. दम लवकर लागतो, चक्कर येते म्हणून मुलगी ‘आळशी’ ठरते, आणि तपासलं तर हिमोग्लोबिन कमी निघतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी करून घ्या. बाजरीची भाकरी, पालेभाजी, शेंगदाणे, मोड आलेली मटकी आणि चालत असेल तर अंडं, एवढं तिच्या ताटात भावाइतकंच पडलं पाहिजे. पाळी अनियमित झाली तर ती खेळाची किंमत समजून गप्प बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

राज्याच्या संघापर्यंत सगळ्या जणी पोहोचणार नाहीत, बहुतेक जणी पोहोचत नाहीतच. पण मैदानाशी जोडलेली कामं बरीच आहेत. बी.पी.एड. करून क्रीडाशिक्षिका होता येतं, पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेतून प्रशिक्षणाची पदविका घेता येते, विज्ञान शाखा असेल तर फिजिओथेरपी आहे. पंचाचं काम मुलींना कुणी सुचवतच नाही. गोव्याच्या उवेना फर्नांडिस आधी खेळाडू होत्या, मग पंच झाल्या आणि २०१६ मध्ये जॉर्डनमधल्या १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात सहायक पंच म्हणून उभ्या राहिल्या. राज्यात फुटबॉलचं काम वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन पाहते. पंचांच्या परीक्षा कधी होतात, ते त्यांच्याकडे किंवा जिल्हा संघटनेकडे विचारा. बारावीच्या परीक्षेनंतरची सुट्टी त्या अभ्यासाला चांगली.