संगणकातील प्रक्रिया : जन्म, वारसा आणि मृत्यू

कला शाखेच्या विद्यार्थ्याने संगणकावर लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु ऑपरेटिंग सिस्टिमचा अभ्यास करताना मला भेटली ती चक्क एका कुटुंबाची कथा. ती येथे थोडक्यात मांडतो.

प्रथम एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. आज्ञावली म्हणजे नाटकाची संहिता आणि 'प्रक्रिया' म्हणजे तिचा चालू प्रयोग. संहिता एकच, प्रयोग अनेक. प्रत्येक प्रक्रियेला स्वतःचा क्रमांक असतो, स्मृतीत जागा लागते आणि प्रोसेसरचा वेळ लागतो. ऑपरेटिंग सिस्टिम हा वेळ अगदी लहान तुकड्यांत आळीपाळीने वाटते. म्हणून सारी कामे एकदम चालल्याचा भास होतो.

नवी प्रक्रिया जन्मते कशी? केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी १९६९ मध्ये बेल लॅबोरेटरीजमध्ये युनिक्सची उभारणी सुरू केली. आरंभी प्रत्येक टर्मिनलमागे एकच प्रक्रिया असे. पुढे 'फोर्क' आले. पीडीपी-७ यंत्रावर त्यासाठी असेंब्ली भाषेतील अवघ्या २७ ओळी पुरल्या. फोर्क होताच प्रक्रियेची हुबेहूब प्रत तयार होते. पालकाला अपत्याचा क्रमांक मिळतो, अपत्याला शून्य. एवढ्यावरून 'मी कोण' हे ज्याचे त्याला कळते. मग 'एक्झेक'च्या योगे अपत्य जुनी संहिता टाकून नवी हाती घेते.

या सोयीने एक गंमत झाली. फोर्क आल्यावर चालू डिरेक्टरी बदलण्याची आज्ञा निकामी ठरली! कारण ती आज्ञा आता अपत्य पाळत होते. ते स्वतःची डिरेक्टरी बदली आणि लगेच संपे. पालक होता तेथेच राही. वारसा पालकाकडून अपत्याकडे जातो, उलट नाही. अखेर ही आज्ञा शेलनेच स्वतः पाळावी, अशी व्यवस्था झाली.

मृत्यूलाही नियम आहेत. अपत्य संपले तरी पालक 'वेट' करून त्याचा निकाल विचारीपर्यंत त्याची नोंद राहते. अशा प्रक्रियेस 'झॉम्बी' म्हणतात. माझ्या पहिल्याच आज्ञावलीत मी वेट लिहावयास विसरलो. थोड्याच वेळात यंत्राने नव्या प्रक्रियेस नकार दिला. 'किल' करूनही नोंदी हटेनात. मेलेल्याला काय मारणार? शेवटी पालकच बंद केला, तेव्हा क्रमांक १ च्या प्रक्रियेने ती अनाथ अपत्ये दत्तक घेतली, त्यांचे निकाल विचारले आणि यादी मोकळी झाली.

जन्म देण्यास २७ ओळी पुरल्या. अखेरची विचारपूस मात्र पालकालाच करावी लागते, हा धडा मला त्या दिवशी मिळाला.