अक्षयनीवी : विहाराच्या भवितव्यासाठी इतिहासाचा एक पाठ

नाशिकजवळच्या त्रिरश्मी डोंगरावर, आज पांडवलेणी या नावाने परिचित असलेल्या लेणीसमूहात, दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात एक शिलालेख आहे. क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याचा हा दानलेख सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा आहे. भिक्खुसंघास लेणे दान दिल्याचा उल्लेख त्यात आहेच; परंतु इतिहासाचे अभ्यासक म्हणून आम्हांस त्यापुढील मजकूर अधिक मोलाचा वाटतो. दात्याने लेण्यासोबत ३,००० कार्षापणांची ‘अक्षयनीवी’, म्हणजे कधीही न मोडावयाची ठेव, संघास दिली.

या रकमेपैकी २,००० कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक या दराने, तर १,००० कार्षापण दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा शेकडा पाऊण या दराने ठेवण्यात आले. मुद्दल परत घ्यावयाचे नाही, केवळ व्याजाचा उपयोग करावयाचा, अशी अट होती. लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण मिळावेत, असे लेख सांगतो. पहिल्या ठेवीचे वार्षिक व्याज २४० होते आणि वीस भिक्खूंचा चीवरखर्चही २४० च होतो. हा व्यवहार निगमसभेत सर्वांसमक्ष ऐकविला गेला, फलकावर नोंदविला गेला आणि अखेर दगडात कोरला गेला.

वास्तू उभारणे आणि वास्तू चालती ठेवणे ही दोन भिन्न कार्ये आहेत, हे त्या काळच्या उपासकांनी जाणले होते. आपण मात्र पहिले कार्य झाले की दुसरे आपोआप होईल, असे मानतो.

आमच्या वस्तीतील विहाराचा अनुभव येथे नमूद करणे अप्रस्तुत ठरणार नाही. रविवारची वंदना, सायंकाळची अभ्यासिका आणि लहानसे ग्रंथालय, हे सारे स्वयंसेवकांच्या बळावर चालत असे. किल्ल्या, पावतीपुस्तके आणि बँकेचे पासबुक अनेक वर्षे एकाच वडीलधाऱ्या गृहस्थांकडे होते. त्यांनी कधी एका पैशाचाही घोळ केला नाही, म्हणून आम्हीही कधी काही विचारले नाही. एका पावसाळ्यात त्यांचे निधन झाले. त्यानंतर कळले, की दप्तरी नोंदलेल्या सात विश्वस्तांपैकी चार जण हयात नव्हते आणि खात्यावर सही करू शकणारे दोघेही त्या चारांतलेच होते. बदलाचा अहवाल कोणीच सादर केला नव्हता. खाते अडकले, विजेचे देयक थकले आणि ऐन परीक्षेच्या दिवसांत अभ्यासिकेला कुलूप लागले. घरी बसायला जागा नसलेली मुले-मुली त्या महिन्यांत कुठे अभ्यास करीत होती, हे आठवले की आजही मान खाली जाते. दोष त्या गृहस्थांचा नव्हता, आमचा होता. एका माणसाच्या निष्ठेलाच आम्ही संस्थेची घटना समजून बसलो होतो.

महापरिनिब्बान सुत्तात तथागतांनी वज्जींच्या ऱ्हास न होण्याचे जे सात नियम सांगितले आहेत, त्यांतील पहिला नियम वारंवार एकत्र जमण्याचा आणि दुसरा एकोप्याने कार्य करण्याचा आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना बाबासाहेबांनी सांगितले, की बैठकव्यवस्था, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी हे सारे नियम भिक्खुसंघांना ठाऊक होते. त्याच भाषणात त्यांनी राजकारणातील व्यक्तिपूजेविषयी इशाराही दिला. तो इशारा आपल्या विहारालाही लागू पडतो. स्वतः बाबासाहेबांनी १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा आणि १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, ती रीतसर संस्था म्हणून. त्यामुळेच त्यांच्यामागेही सोसायटीची महाविद्यालये चालू राहिली.

तेव्हा आपल्या विहारासाठी काय करावे? पहिली गोष्ट कागदपत्रांची. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० नुसार विश्वस्तांत बदल झाल्यास ९० दिवसांच्या आत त्याचा अहवाल, ज्याला व्यवहारात चेंज रिपोर्ट म्हणतात, धर्मादाय कार्यालयात सादर करावा लागतो. नोंदणी प्रमाणपत्र, विश्वस्तांची अद्ययावत नोंद, जागेचा सातबारा अथवा मिळकत पत्रिका आणि लेखापरीक्षित हिशेब यांच्या प्रती किमान तीन घरी असाव्यात.

दुसरी गोष्ट निधीची. जयंतीच्या वर्गणीला आपला हात सैल सुटतो. कायम निधीचे नाव काढले की सभा शांत होते. जयंतीच्या वर्गणीचा दहावा हिस्सा, वर्गणीदारांना आधी सांगून, मुदत ठेवीत टाकण्याचा ठराव करावा. कायम निधीसाठी वेगळी देणगी आली, तर दात्याकडून तसे लेखी पत्र घ्यावे. महागाई मुद्दलाची किंमत कमी करीत जाते. म्हणून सर्व व्याज खर्च न करता त्यातील काही भाग मुद्दलात मिळवावा. वर्षाचा हिशेब विहाराच्या फलकावर लावावा. तीच आपली निगमसभा.

तिसरी गोष्ट माणसांची, आणि ती सर्वांत अवघड. प्रत्येक जबाबदारीवर दोन व्यक्ती असाव्यात. त्यांपैकी एक तिशीच्या आतील. विहारात सर्वाधिक राबणाऱ्या आपल्या भगिनी सतरंज्या घालण्यापुरत्या न राहता सहीच्या अधिकारापर्यंत पोहोचाव्यात. ज्येष्ठांनी पद सोडण्याची तारीख पद घेतानाच ठरवावी. आम्हीही आता त्या वयाला आलो आहोत, म्हणून हे स्वतःलाही बजावीत आहोत.

आमच्या विहाराची अभ्यासिका पुन्हा उघडली आहे. किल्ल्या आता तिघांकडे असतात. त्यांतील एक मुलगी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कायम निधी अद्याप लहान आहे, परंतु तो मोडलेला नाही.

या शाळेच्या वसतिगृहात वाढलेले माजी विद्यार्थी आज गावोगावी आहेत. त्यांनी आपल्या विहारात जाऊन एकच प्रश्न विचारावा : आपल्या विश्वस्तांच्या यादीत हयात किती आहेत? उत्तर मिळेपर्यंत तो विचारीत राहावे. पालकांनी आणि समाजबांधवांनी तो प्रश्न अपमान न मानता त्याचे स्वागत करावे.

जय भीम.